पंचेचाळीस किलोची अट

सर्जनबाईंनी माझ्या नातीच्या पोटाला चिमटा काढून पाहिला आणि त्यांच्या बोटांत नुसती कातडी आली.

"इथून चरबी काढायची म्हणता?" मी विचारलं. "चमचाभर निघाली तरी नशीब."

"मग आजीची घ्या ना, डॉक्टर," नात पडल्या पडल्या म्हणाली. "तिच्याकडे दुकान टाकण्याइतकी आहे."

"घ्या की, पाहिजे तेवढी घ्या," मी म्हटलं. थट्टा नव्हतीच ती. त्यांनी तिथल्या तिथे सुई खुपसली असती तरी मी हूं की चूं केलं नसतं.

सर्जनबाई हसल्या. "नव्या उपचाराच्या या चाचणीत ज्याची चरबी त्यालाच, आजी. तुमची तुम्हालाच लखलाभ."

माझ्या नातीला घरात सगळे फिरकी म्हणतात. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव. पुढे आजारानं त्या नावाची क्रूर चेष्टा केली, कारण गेली तीन वर्षं तिला खरंच बसता येत नव्हतं. अठराव्या वर्षी आतड्याला सूज येऊन व्रण पडायला लागले. क्रोन्स नावाचा आजार. औषधांनी आतून बराचसा आटोक्यात आला, पण मग भगंदर झालं. आतड्यापासून बाहेरच्या कातडीपर्यंत एक वाट पडली आणि तिच्यातून पू झिरपू लागला. तो आत कोंडू नये म्हणून सर्जनबाईंनी त्या वाटेतून एक दोरा ओवून ठेवला होता. दोन शस्त्रक्रिया झाल्या, वाट काही बुजेना. फिरकी इमारतींचे नकाशे काढते. कचेरीत तिनं उंच टेबल मागून घेतलं होतं. आठ-आठ तास उभी राहून काम करायची आणि कुणी विचारलं की म्हणायची, "उभ्यानं रेघा सरळ येतात."

"चरबीत मूळ पेशी असतात," सर्जनबाई सांगू लागल्या. "स्टेम सेल म्हणतात ना, त्या. आम्ही त्या वेगळ्या काढतो, प्रयोगशाळेत वाढवतो आणि या वाटेच्या भोवती टोचतो. त्या तिथली सूज शांत करतात. मग जखमेला भरून यायची संधी मिळते. पण आधीच सांगते, निम्म्या लोकांना गुण येतो, निम्म्यांना येत नाही."

निम्म्या! मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

माझ्या दादाला हेच असणार, असं मला आता वाटतं. तेव्हा कुणी नाव सांगितलं नाही. "कोठा नाजूक आहे," एवढंच म्हणायचे. त्याला कपड्यांच्या आत ठेवायला आई जुन्या चादरींचे चौकोन कापून ठेवायची आणि धुतलेले चौकोन गिऱ्हाइकांना दिसू नयेत म्हणून वडिलांच्या कारखान्याच्या मागच्या दोरीवर वाळत घालायची. ते चौकोन मोजून मला दादाची तब्येत कळायची. दहा म्हणजे बरा दिवस. पंचवीस म्हणजे आज त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. दादा एकतिसाव्या वर्षी गेला. त्याला आठ-नऊ डॉक्टरांनी पाहिलं असेल, पण त्यांच्यातला एकही कधी "निम्मे" म्हणाला नाही. शंभरात एक असंही कुणी म्हणालं नाही.

"अट एकच," सर्जनबाई म्हणाल्या. "वजन पंचेचाळीस किलो पाहिजे. आज साडेएक्केचाळीस भरलंय. आठ आठवडे देते. तोवर नाही झालं तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. चाचणीत आता एकच जागा उरलीय."

"साडेतीन किलो? एवढंच ना?" मी म्हटलं.

"एवढंच म्हणे," फिरकी पुटपुटली. "मी वर्षभरात अर्धा किलो वाढले की घरात जल्लोष असतो."

पण मला धीर होता, कारण वजन हा आमच्या घराण्याचा धंदा. माझे वडील तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचे. नवरा त्यांच्याकडे काम शिकायला आला आणि जावई होऊन राहिला. तो गेल्यावर हात थरथरेपर्यंत मी कारखाना चालवला. झिजलेल्या वजनाच्या पोटात शिसं ओतायचं, जास्त झालं तर कानसेनं घासायचं, पुन्हा तोलायचं. वर्षातून एकदा निरीक्षक यायचे. त्यांच्या मखमली पेटीतली पितळी वजनं आम्ही भावंडं लांबून बघायचो. हात लावला तर घामानंही वजन बदलतं, असा वडिलांचा धाक होता. गिऱ्हाइकाचा काटा केसभरही इकडेतिकडे झालेला त्यांना खपायचा नाही. स्वतःचं काही मोजायचं असलं की मात्र ते काटा स्वतःच्या विरुद्ध थोडा झुकवून ठेवत. घरच्या पोत्यात धान्य महिनाभर पुरेल असं काट्यानं सांगितलं, तर ते सव्वा महिना पुरायचं. तीच सवय मला लागली होती.

कारखाना बंद केला तेव्हा एक काटा मी घरी आणला होता. लोखंडी फळीवर उभं राहायचं, समोर दांडा, दांड्यावर सरकतं वजन आणि टोकाला एक लहान टांगतं पारडं. या काट्याचं प्रमाण शंभरास एक. पारड्यात दहा ग्रॅम टाकले तर ते फळीवरच्या एका किलोला तोलून धरतात. पहिल्या दिवशी पहाटे, फिरकी उठायच्या आधी, मी पारड्याच्या खालच्या खोबणीत पंधरा ग्रॅम शिसं दाबून बसवलं आणि वर मेण लिंपलं. आता काटा दीड किलो कमी दाखवणार होता. म्हटलं, काट्यावर पंचेचाळीस भरले की खरे साडेशेहेचाळीस होतील. दवाखान्यात ऐन वेळी तोंडघशी पडायला नको.

फिरकी फळीवर उभी राहिली आणि किंचाळली. "एकोणचाळीस सातशे! आजी, चाळीससुद्धा नाही!"

"तिथे बूट होते, जीन्स होती, फोन होता, किल्ल्यांचा जुडगा होता," मी म्हटलं. "शिवाय आत्ता पोट रिकामं आहे."

तिनं विश्वास ठेवला. काट्याच्या बाबतीत माझ्यावर अविश्वास कोण दाखवणार?

मग आमची मोहीम सुरू झाली. सुनेनं फ्रिजवर कागद लावला, दिवसाला सहा वेळा खाणं. सून टपाल कचेरीत खिडकीवर बसते, त्यामुळे तिचं सगळं वेळेवर आणि शिक्का मारल्यासारखं. सालं, बिया, कच्चं काही चालायचं नाही, म्हणून मऊ भात, लोणी घालून घोटलेला बटाटा, अंडी, केळी आणि डॉक्टरांनी दिलेली पावडर दुधातून. मी दर दोन तासांनी वाटी घेऊन हजर.

"आई, ती माणूस आहे हो," सून म्हणायची. "तुम्ही तर गोदाम भरायला निघालात."

"भरू दे. रिकामं गोदाम कुणाला हवंय?"

मुलगा जहाजावर नोकरीला. तो दर रविवारी फोन करायचा आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारायचा, "आज किती?"

आकडा चढत होता. चाळीस दोनशे. एक्केचाळीस. चौथ्या आठवड्यात एक्केचाळीस सहाशे. प्रत्येक वेळी मी मनात दीड मिळवायची आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. फिरकीच्या गालांवरचे खड्डे भरत होते. एक दिवस तिची अंगठी बोटात घट्ट झाली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच टाळ्या वाजवून आले. मी इतकी खूश होते की त्या पोरीकडे नीट बघायचंच राहून गेलं.

सातव्या आठवड्यात काटा त्रेचाळीस शंभरावर आला आणि तिथेच अडला. तीन दिवस हलेना. चौथ्या दिवशी, मंगळवारी, तिनं फळीवर पाय ठेवला, दांडा बघितला आणि काही न बोलता उतरली. न्याहारी केली, तीही निमूट. अजून आठ दिवस होते. मी मनात हिशेब करत होते, खरे चव्वेचाळीस सहाशे, म्हणजे चारशे ग्रॅम, झालंच की! मी अंडी आणायला बाहेर पडले. गुणगुणत गेले आणि गुणगुणत आले.

घरी आले तर फिरकी खिडकीशी उभी होती. फ्रिजवरचा कागद काढून तिनं चार घड्या केल्या होत्या.

"मी दवाखान्यात फोन केला," ती म्हणाली. "नर्सबाईंना सांगितलं, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या."

हातातली अंडी मी कशीबशी टेबलावर ठेवली. "अगं, का?"

"का काय? दोन महिने मी जबरदस्तीनं गिळतेय. ओकारी आली तरी गिळतेय. आणि काटा बघितलास? आठ दिवसांत दोन किलो होणार आहेत का? माझ्या अंगाला काही लागतच नाही, आजी. दादाआजोबांसारखं. तूच सांगायचीस ना, त्यांच्या कधी अंगी लागायचं नाही म्हणून? त्यांच्याच वाटेनं चाललेय मी."

एवढी वर्षं मी दादाच्या गोष्टी सांगत होते, त्या मला वाटायचं की प्रेमानं सांगते आहे. ती पोर त्या ऐकता ऐकता स्वतःचे दिवस मोजत होती.

"फिरके," मी म्हटलं, "काट्यात शिसं आहे."

"काय?"

"पंधरा ग्रॅम. पारड्याखाली. मी घातलंय. काटा दीड किलो कमी दाखवतो."

तिनं काट्याशी जाऊन पारड्याखाली बोट फिरवलं, तर मेण लागलं.

"आजी," ती म्हणाली, "तू काटा मारलास?"

आमच्या घरात याहून मोठी शिवी नाही.

"मारला," मी म्हटलं. "पण उलटा मारला. तुझ्या भल्यासाठी."

"माझ्या भल्यासाठी! रोज सकाळी मला वाटायचं की मी हरतेय!" ती ओरडली. रडत होती, आणि मधेच काय झालं कोण जाणे, हसायला लागली. "चाळीस वर्षं दुसऱ्यांचे काटे सरळ केलेस आणि मारलास तो नातीचा! थांब, आधी ते शिसं काढ. आत्ता. माझ्यासमोर."

मी सुरी आणली. मेण मात्र तिनंच खरवडलं. शिशाचा तुकडा टप्पकन जमिनीवर पडला. ती फळीवर चढली, मी वजन सरकवत गेले आणि दांडा मधोमध येऊन तरंगू लागला. पंचेचाळीस पाचशे.

"ही अख्खी न्याहारी घालून आणि कपड्यांनिशी," मी म्हटलं. सवय जात नाही. "पहाटेचं रिकाम्या पोटाचं चव्वेचाळीस सहाशेच."

"दवाखान्यात मला उपाशी आणि उघडी तोलणार आहेत का? फोन लाव, आजी!"

फोन लागेना. सात वेळा लावला, सातही वेळा कुणीतरी बोलत होतं. फिरकीनं चपला घातल्या. "चल. माझी जागा वाटून टाकतील त्या."

बसमध्ये ती दांड्याला धरून उभी आणि मी बसलेली, पण माझाच जीव वर-खाली होत होता. पुढे रस्ता खणून ठेवलेला म्हणून बस अलीकडेच थांबली. राहिलेलं अंतर आम्ही जवळजवळ पळत गेलो.

"तू हळू ये, तुझा गुडघा—"

"गुडघा गेला खड्ड्यात. तू पुढे हो!"

पुढे झाली नाही ती. माझा हात धरून मला ओढत राहिली. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर नर्सबाईंच्या टेबलाशी पोहोचलो तेव्हा दोघींच्याही तोंडून शब्द फुटेना.

"सकाळचा फोन," फिरकी धापा टाकत म्हणाली. "तो माझा नव्हता. म्हणजे माझाच होता. पण तो परत घ्यायचाय."

नर्सबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दिली का जागा?" मी विचारलं.

"रडत केलेले फोन मी दुपारच्या जेवणानंतर नोंदवते," त्या म्हणाल्या. "निम्मे लोक तोवर परत येतात. जेवण झालंय माझं. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा मी पुढच्या माणसाचा नंबर शोधत होते." त्यांनी काट्याकडे बोट केलं. "चढ."

तो विजेवरचा काटा. आकडे भराभरा पळाले आणि थांबले. पंचेचाळीस चारशे.

आत गेल्यावर मी सर्जनबाईंना सगळं सांगून टाकलं, शिसं, मेण, सगळं. लपवलं असतं तर जेवण गेलं नसतं मला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मला वाटलं, रागावल्या.

"आजी," त्या हसू आवरत म्हणाल्या, "चाचणीच्या कागदावर अट चव्वेचाळीसची आहे. पंचेचाळीस मी सांगते. लोक नेहमी किलोभर कमी घेऊनच येतात."

"म्हणजे एक किलो तुमचा आणि दीड हिचा," फिरकी म्हणाली. "तुम्ही दोघींनी मिळून माझ्या मागे अडीच किलोंचा ससेमिरा लावलात! आणि मी बटाटे गिळतेय!"

"पोट दाखव आता."

पोटाला चिमटा काढला. बोटांत पुन्हा फारसं काही आलं नाही. सर्जनबाईंनी कंबर चाचपली, मग मांडीची बाहेरची बाजू.

"ही काय, इथे आहे की! सगळं मांडीवर जमा झालंय."

माझ्या नातीच्या जाड मांड्यांचा एवढा आनंद आमच्या घरात आजवर कुणाला झाला नसेल.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बारीक नळीनं चरबी काढली, लोण्यासारखी पिवळी, वाटीला थोडी कमी. ती प्रयोगशाळेत गेली. तिथला तंत्रज्ञ मितभाषी गृहस्थ, पण मी दर शुक्रवारी फोन करून त्याला बोलतं केलं. "आहेत ना हो?" "आहेत." "वाढतायत ना?" "वाढतायत, आजी." चौथ्या शुक्रवारी तो आपणहून म्हणाला, "येऊन बघता का?"

आम्ही तिघी गेलो. सुनेनं त्या दिवशी रजा टाकली होती. त्यानं पडद्यावर चित्र लावलं. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, एकमेकींना खेटून एकाच दिशेला निघालेल्या अगणित पेशी.

"या मी आहे?" फिरकीनं विचारलं.

"तुम्हीच. टोचायच्या दिवशी बारा कोटी भरतील."

"बारा कोटी!" सून म्हणाली. तिच्या तोंडून इतका मोठा आवाज मी प्रथमच ऐकला. "दोन महिने सहा वेळा स्वयंपाक केला त्याचं चीज झालं म्हणायचं."

"आणि वजन?" मी विचारलं. "या बारा कोटींचं वजन किती भरेल?"

असं त्याला कुणी विचारलं नसावं. त्यानं कागदावर काहीतरी मांडलं. "अर्ध्या ग्रॅमच्या आत."

मी बराच वेळ पडद्याकडे बघत उभी राहिले. आयुष्यभर तोलामापाचं काम केलं, पण इतकं हलकं काही मी इतक्या आशेनं पाहिलं नव्हतं.

टोचायचा दिवस आला. सकाळी चार छोट्या कुप्या आल्या. सर्जनबाईंनी दोरा काढला, आतलं तोंड टाक्यांनी शिवलं आणि वाटेच्या भोवती सगळ्या पेशी टोचल्या. तासाभराचं काम. त्यानंतर मात्र थांबायचं, सहा महिने. पहिल्या महिन्यात काहीच फरक नव्हता आणि फिरकीनं मला रोज विचारू नकोस म्हणून दम दिला. दुसऱ्या महिन्यात ती स्वतःच एका सकाळी न्हाणीघरातून ओरडली, "आजी, कापूस कोरडा आहे!" दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला. मग दोन दिवस कोरडा. मग चार. आम्ही कुणीच मोठ्यानं काही बोलेना. रविवारी मुलाचा फोन आला की सून त्याला हळूच सांगायची, "आज कोरडा," आणि पलीकडून तो जहाजाच्या भोंग्यासारखा ओरडायचा.

सहा महिन्यांनी स्कॅन झाला. सर्जनबाईंनी बोटानं दाबून तपासलं, चित्र दोनदा पाहिलं, हातमोजे काढले.

"वाट बंद झालीय," त्या म्हणाल्या. "आज बंद आहे. मूळ आजार आहे तसाच आहे, त्याची औषधं सुरू ठेवायची, आणि पुढे काय होईल त्याची हमी मी देणार नाही. पण आज ती बंद आहे."

फिरकी माझ्या शेजारच्या लाकडी खुर्चीवर मान खाली घालून बसून राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ गदगदत होती. मला दादा आठवला, आणि पहिल्यांदाच त्याच्याविषयी तिला काही सांगावंसं वाटलं नाही.

"एक कागद भरायचा राहिलाय," सर्जनबाई म्हणाल्या. चाचणीची प्रश्नावली. तोच कागद तिनं याआधी पाच वेळा भरला होता आणि प्रत्येक वेळी चिडून भरला होता. तिनं डोळे पुसले, पेन घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"गेल्या चार आठवड्यांत स्राव झाला का? नाही. बसताना वेदना? नाही. कामावर गैरहजेरी? नाही. घराबाहेर पडायची भीती वाटली का?" ती थांबली. "थोडी. पण तरी गेले. तसं लिहू?"

"लिही."

"ताप? नाही. आणखी काही सांगायचं असल्यास." खाली चार रिकाम्या ओळी होत्या. ती पेन तोंडाशी धरून विचार करत राहिली. मला वाटलं, आता आभार लिहील. तिनं खाली वाकून काहीतरी खरडलं आणि कागद पुढे सरकवला.

सर्जनबाईंनी वाचलं. "भूक लागली आहे? हे मी चाचणीच्या नोंदीत कसं घालू?"

"खरं आहे ते," फिरकी उठत म्हणाली. "गेल्या आठ वर्षांत कुणी न सांगता लागलेली पहिलीच आहे. घाला."